राधानगरीच्या गव्यांची डीएनए तपासणी: गरज की चैन?

रंकाळ्याचा वारा:
राधानगरी १९५८ पासून अभयारण्य, तेही गव्यांमुळं नावाजलेलं. पण तिथल्या दाजीपूरच्या जंगलातले गवे तिलारी-गोव्याकडच्या कळपांत अजून मिसळतात का, की रस्त्यांनी, खाणींनी त्यांचं बेट करून टाकलंय? नुसती गणती करून हे कळत नाही. ताज्या शेणाच्या वरच्या थरात आतड्याच्या पेशी असतात. त्यांतल्या डीएनएवरून एकेक जनावर ओळखता येतं, नातं लावता येतं. तुटलेल्या जंगलात काय होतं ते ओडिशातल्या सिमिलीपालमध्ये दिसलंय. तिथल्या काही वाघांचे पट्टे इतके रुंद की अंग काळंच वाटतं. बंगळूरच्या एनसीबीएस या जीवविज्ञान संशोधन संस्थेतल्या उमा रामकृष्णन यांच्या गटानं २०२१ मध्ये दाखवून दिलं, की हा एकाच जनुकातला बदल आहे आणि हे वाघ इतरांपासून तुटलेत. आपल्याकडं तशी वेळ यायची वाट का बघायची? शिवाजी विद्यापीठानं हे काम अंगावर घ्यावं.

आजऱ्याचा शेतकरी:
आमच्याकडं कर्नाटकातनं हत्ती येतात. सकाळी बघावं तर ऊस आडवा, केळी मुळासकट उपटलेल्या. तो हत्ती कुणाचा भाऊबंद, हे कळून मी काय करू? आधी कुंपण द्या, पंचनामा वेळेत करा. आणि कुठला कळप कुठल्या पाणवठ्यावर उतरतो, हे जुना वनमजूर तोंडपाठ सांगतो की ओ!

घाटवाट:
वनमजुराचा मान मोठाच. खरं, पायाच्या ठशांवरच्या गणतीनं राजस्थानातल्या सरिस्का अभयारण्याचं काय झालं? कागदावर वाघ होते, जंगलात एकही उरला नव्हता, हे २००५ मध्ये उघड झालं. त्यानंतर देशानं ती पद्धत सोडून कॅमेरे लावले, पट्ट्यांवरून वाघ मोजले.
रंकाळ्याचा वारा, तुमच्याही बेतात अडचण आहे. दाजीपूरच्या पावसात शेण धुऊन जातं, डीएनए टिकत नाही. नमुने कोरड्या दिवसांतच घ्यावे लागतील, आणि ते वनमजुरांनीच घ्यावेत, चांगल्या रोजावर. जनावरांच्या वाटांचे नकाशे मात्र उघड करू नका, शिकाऱ्यांच्या हाती आयतं कोलीत जाईल.

रंकाळ्याचा वारा:
रोजाचं शंभर टक्के मान्य. शेतकरीदादा, दहा गावांत नासधूस करणारा हत्ती एकच की तीन, हे लिदीतनं कळतं. तुमच्या पंचनाम्यांवर तारीख, गट नंबर, पीक सगळं असतंच. ते संगणकावर चढवून नकाशावर मांडलं, तर कुठल्या महिन्यात कुठल्या शिवारातनं जनावर शिरतं ते दिसेल. कुंपण तिथंच आधी घालता येईल.

आजऱ्याचा शेतकरी:
पंचनाम्यांचा नकाशा करा, त्याला फार खर्च नाही. माझे कागद मी देतो. खरं, तपासणीचे पैसे आधी कुंपणाला लावा. ह्यावरनं मी हलणार नाही.