कॅक्टस बुडाजवळ तपकिरी पडलाय, वाचेल का?

गच्चीतली_बाग (पुणे):
माझ्याकडे दोन कॅक्टस आहेत, एक खांबासारखा उभा वाढणारा, दीड फुटाचा, आणि दुसरा गोल, पिवळ्या काट्यांचा, तो सहा वर्षं झाली. दोघंही बुडाजवळ तपकिरी पडलेत. उभा गेल्या आठवड्यापर्यंत सरळ होता, काल बघते तर एका बाजूला कललाय. पाणी मी आठवड्यातून एकदाच घालते पण मागे चार-पाच दिवस झड लागली तेव्हा कुंड्या कठड्यावरच राहिल्या, आत घ्यायचं सुचलंच नाही. माती नर्सरीतून आली तीच आहे. उभा आईने दिलेला आहे हो, तो जायला नको.

निवडुंगवेडा:
ताई आधी काडीने दाबून बघा. कडक, लाकडासारखं लागलं तर ती वयाने आलेली साल आहे, ती बुडाकडून हळूहळू वर चढते, तिला काही करायचं नाही. मऊ लागलं, खड्डा पडला किंवा वास आला तर कुजतंय. रंग सारखाच दिसतो म्हणून फोटोवरून कुणाचं ऐकू नका.

गच्चीतली_बाग:
गोल एकदम कडक आहे. उभ्यात काडी सहज आत गेली, पाणी आलं आणि आंबूस वास येतोय :(

निवडुंगवेडा:
मग आजच कापा, कूज आतून वर सरकते आणि बाहेरून कळत नाही. सुरी स्पिरिटने पुसा, घडी घातलेल्या वर्तमानपत्राने खांब धरा आणि मऊ भागाच्या चांगलं दोन इंच वर कापा. काप नीट बघा, मधल्या कड्यात तपकिरी किंवा केशरी ठिपका जरी दिसला तरी सुरी पुन्हा पुसून अजून वर कापा, पूर्ण स्वच्छ हिरवट-पांढरा येईपर्यंत. इथे जीव कळवळतो आणि लोक थांबतात, तेच चुकतं. मग गंधकाची पूड लावा, नसेल तर दालचिनीची, आणि सावलीत वारं लागेल असं उभंच ठेवा, आडवं ठेवलं तर कुशीतून मुळं फुटतात. पावसाळ्यात काप वाळायला वेळ लागतो, दोन आठवडे तरी धरा, पंख्याखाली ठेवलं तर बरं. खपली धरली की कोरड्या मातीवर टेकवा, मुळं फुटेपर्यंत पाणी नाही.

मातीवाली (कोल्हापूर):
माझ्या मते खरा घोळ मातीचा आहे. नर्सरीच्या कुंडीत बरेचदा नुसतं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, असतं, ते एकदा भिजलं की दिवसचे दिवस ओलं राहतं. निम्म्याहून जास्त जाड वाळू आणि विटांचा चुरा घाला, पर्लाइट (पाणी निचरायला घालतात ते हलके पांढरे दाणे) मिळालं तर तेही, आणि मातीची कुंडी घ्या, प्लास्टिकची नको. गोल वाला पण उपसून मुळं बघाच. मुळांवर पांढरं कापसासारखं दिसलं तर पिठ्या ढेकूण आहे, म्हणजे रस शोषणारी कीड, मुळं धुऊन वाळवायची, वर खोडावर असेल तर स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने एकेक टिपायचा. आणि आत घेतलेली झाडं ऑक्टोबरच्या उन्हात एकदम काढू नका, पांढुरके चट्टे पडतात ते परत हिरवे होत नाहीत.

गच्चीतली_बाग:
कापला. तिसऱ्या कापाला स्वच्छ आला, जेमतेम आठ इंच उरलाय, पंख्याखाली रिकाम्या कुंडीत उभा ठेवलाय. गोल वाल्याच्या मुळांवर खरंच पांढरं निघालं, धुतली. धुतलेली मुळं किती दिवस वाळवू?

मातीवाली:
सावलीत चार-पाच दिवस, आणि लावल्यावर पहिलं पाणी आठवड्याने.