शाळा सुटल्यावरचा तास: पैसे भरणाऱ्यांचा की सगळ्यांचा?

शाळा समितीतली आई (धागा सुरू करताना)

आमची जिल्हा परिषदेची शाळा पहिली ते पाचवीची, पट 88. मी शाळा व्यवस्थापन समितीत पालक सदस्य आहे. गेल्या महिन्यात तालुक्याहून एक क्लासवाले आले. शाळा सुटली की आठवड्यातून तीन दिवस, शाळेच्याच खोलीत अबॅकस (मण्यांवरचं गणित) आणि रोबोटिक्स शिकवतो म्हणाले. मुलामागे महिन्याला 600 रुपये. शाळेच्या भिंती रंगवून देण्याचीही तयारी दाखवली. बैठकीत बहुतेक सगळे हो म्हणाले, मी नाही म्हणाले. तेव्हापासून 'ही पोरांच्या आड येते' असं कानावर येतंय. माझं म्हणणं इथे नीट मांडते, तुम्हीही मोकळेपणानं बोला.

घरोघरी जाऊन विचारलं तेव्हा 600 रुपये भरू शकणारी तीसच्या आसपास मुलं निघाली. म्हणजे पाच वाजता घंटा झाली की तीस जण खोलीत बसणार आणि बाकीचे अठ्ठावन्न दप्तर पाठीला लावून त्याच खिडकीसमोरून घरी जाणार. सहा-सात वर्षांच्या लेकराला हे कळतं. आमच्या गावात बागायतदाराचा नातू आणि वीटभट्टीवरच्या बाईची मुलगी एका पट्टीवर मांडीला मांडी लावून बसतात अशी एकच जागा आहे, ती म्हणजे ही शाळा. तिथे आपणच दार बसवायचं का?

मुलांना अभ्यासापलीकडचं काही नको, असं मी म्हणत नाही. उलट भरपूर हवं. पण ते शाळेच्या वेळेत हवं, सगळ्यांना हवं आणि फुकट हवं. कला, कार्यानुभव, शारीरिक शिक्षण हे वेळापत्रकातले विषय आहेत, त्यांचीही नोंद होते. बालभारतीनं त्यासाठी 'खेळू, करू, शिकू' हे पुस्तक काढलं. प्रत्यक्षात त्या तासिकेला गणिताची उजळणी चालते. आधी ती तासिका मुलांना परत द्या, मग बाहेरचे क्लास आणा.

पाचवीतल्या मुलाचा बाप

ताई, तुमचा हेतू चांगला आहे, पण तुमचं म्हणणं मला पटत नाही. माझा मुलगा त्या तीसमधला. मी काही बागायतदार नाही, टेम्पो चालवतो. 600 रुपये माझ्या डिझेलमधून निघतात आणि मी ते काढतो. आठ किलोमीटरवरच्या इंग्रजी शाळेची पिवळी बस रोज आमच्या दारावरून जाते. त्या शाळेत स्केटिंग आहे, कराटे आहे, कॉम्प्युटर आहे. बायको दर जूनला विचारते, आपण याला तिकडे का घालत नाही? इथेच थोडं जास्त मिळालं तर मी त्याला ठेवीन. नाही मिळालं तर आम्ही तीस जण जाऊ, पट 58 वर येईल आणि एक शिक्षक कमी होईल. त्याचं नुकसान सर्वात जास्त त्या अठ्ठावन्न मुलांनाच आहे.

सगळ्यांना मिळत नाही तोवर कुणालाच नको, हा न्याय मला कळत नाही. घरात एकच भाकरी असेल तर ती अर्धी-अर्धी करतात, फेकून देत नाहीत.

वर्गावरचा गुरुजी (सतरा वर्षं, दोन जिल्हे)

दोघांचं वाचलं. आता माझी बाजू.

88 पटाला कायद्याप्रमाणे 3 शिक्षक. वर्ग पाच. म्हणजे एका वेळी दोन वर्ग कुणाच्या तरी नजरेवर सोडावेच लागतात. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 27 मध्ये जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून अशैक्षणिक काम देऊ नये असं लिहिलंय. पण मतदार यादीचं काम वर्षभर पुरतं, शिवाय रोजची ऑनलाइन माहिती भरायची. ताई, तुम्ही म्हणता कलेच्या तासाला गणित चालतं. चालतं, आणि तेही मीच घेतो. कारण वरून तपासणी होते ती वाचन आणि वजाबाकीची. मुलाला सूर लागतो का, चेंडू झेलता येतो का, हे सतरा वर्षांत एकाही साहेबानं विचारलं नाही.

आणखी एक मुद्दा फार कमी पालकांना माहीत असतो. त्याच कायद्याच्या परिशिष्टात कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक, म्हणजे ठरावीक वेळेपुरते येणारे शिक्षक, सांगितले आहेत, पण फक्त सहावी ते आठवीला, आणि तेही पट 100 च्या वर असेल तर. पहिली ते पाचवीला असा माणूस कायद्यातच नाही. ज्या वयात हात, गळा आणि पाय सर्वात लवकर शिकतात, नेमकं त्याच वयाला आपण शिक्षक दिलेला नाही. मला स्वतःला गाता येत नाही. मी परिपाठाला मोबाइलवर गाणं लावतो आणि मुलं मागून म्हणतात. त्याला मी संगीत म्हणणार नाही.

क्लासवाल्यांना माझा विरोध आहे, पण माझं कारण वेगळं आहे. मुलं साडेदहापासून शाळेत असतात. पाचनंतर अजून एक तास बाकावर बसवून मणी मोजायला लावणं हे त्यांच्या अंगावर येतं. त्यांना पळू द्या.

शाळा समितीतली आई

गुरुजी, निदेशकांचं मला खरंच माहीत नव्हतं. मी शिक्षकांना दोष दिल्यासारखं लिहिलं गेलं, ते मागे घेते.

दादा, भाकरीचं तुमचं म्हणणं मनाला लागलं. पण इथे भाकरी घरातली नाही, खोली गावाची आहे. तुमच्या मुलानं अबॅकस शिकावं, जरूर शिकावं. क्लासवाल्यांनी गावात एखादी खोली भाड्यानं घ्यावी, मी आड येणार नाही. शाळेच्या खोलीत, शाळेच्या फळ्यावर, शाळेच्या घंटेला जोडून जे चालतं ते मुलांना शाळाच वाटतं. शिक्षणहक्क कायद्याचं कलम 3 म्हणतं की पैशामुळे मूल शिक्षणातून मागे पडेल अशी कोणतीही फी त्याच्याकडून घ्यायची नाही. क्लास कायद्याच्या भाषेत त्यात बसत नसेलही, पण माझ्या मनात बसतो.

नवोदयमधून शिकलेली

मला दोघांचंही पटत नाही. खेळ, गाणी, चित्रं छान आहेत, पण तो एक तास परीक्षेला द्या.

मी शेतमजुराची मुलगी. पाचवीत असताना आमच्या बाई रोज शाळा सुटल्यावर सहा जणांना थांबवून नवोदयची, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळेच्या प्रवेश परीक्षेची, तयारी करून घ्यायच्या, एक पैसा न घेता. 100 गुणांचा पेपर, त्यात निम्मे प्रश्न आकृत्यांचे, मानसिक क्षमतेचे. आमच्या घरी कुणी असे प्रश्न पाहिलेलेच नव्हते. बाईंनी जुन्या लग्नपत्रिकांच्या मागे आकृत्या काढून आम्हाला शिकवलं. सहामधून मी एकटी लागले. सहावी ते बारावी राहणं, जेवण, पुस्तकं सगळं तिथेच झालं. आज बँकेत आहे, धाकट्या दोन बहिणी माझ्या पगारावर शिकल्या.

शहरातल्या मुलाला हे सगळं घरबसल्या मिळतं. खेड्यातल्या मुलाला वर यायला एकच शिडी आहे आणि ती शाळेतच मिळू शकते. लेझीम खेळून माझं घर बदललं नसतं. हे कडू वाटेल, पण मी जगलेलं सांगतेय.

खो-खोचा माणूस

ताई, तुमच्या बाईंना माझा मनापासून नमस्कार. पण उरलेल्या पाच जणांचं काय झालं हो? त्यांना त्या वर्षानं काय दिलं? मी पंचवीस वर्षं संध्याकाळी गावातल्या मुलांना खो-खो शिकवतोय. परीक्षेत एक लागतो, मैदानात बाराच्या बारा लागतात.

शिडीचंच म्हणाल तर जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताचे पुरुष आणि महिला दोन्ही संघ जिंकले आणि दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते, प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे. प्रत्येक मूल तिथे पोचणार नाही, हे मलाही कळतं. मला वाटतं ते वेगळंच आहे. पाटीवर बसलेलं मूल मागून 'खो' कधी मिळेल म्हणून सगळं अंग कानात आणून बसतं. हे लक्ष देणं गुरुजींच्या वर्गातही कामाला येतं.

आणि खर्च किती? दोन खांब, चुन्याची फक्की आणि 27 बाय 16 मीटरची जागा. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून प्राथमिक शाळेला खेळाच्या साहित्यासाठी वर्षाला 5,000 रुपयांची तरतूद आहे. बऱ्याच शाळांत त्यातून कॅरम येतो, बॅडमिंटनच्या रॅकेट येतात आणि कपाटात राहतात, कारण तुटलं तर हिशेब कोण देणार? समितीच्या पालकांनी ते कपाट उघडायला लावावं.

स्लाऊहून एक बाबा

मी मूळचा सांगलीचा. मुलगी इथे इंग्लंडमध्ये सरकारी प्राथमिक शाळेत आहे. इथे नियम असा की शाळेच्या वेळेत जे शिकवाल त्याचे पैसे सरकारी शाळेला घेता येत नाहीत. वाद्य शिकवण्यासारखे मोजके अपवाद आहेत. सहलीलाही 'ऐच्छिक वर्गणी' मागतात आणि ती दिली नाही म्हणून मुलाला मागे ठेवता येत नाही. शिवाय 2013 मध्ये प्राथमिक शाळांसाठी खेळाचा वेगळा निधी सुरू झाला.

पण शाळा सुटल्यावरचे क्लब बहुतेक पैशाचे. तिथे समितीतल्या ताई म्हणतात तेच होतं. तीन वाजता फाटकाशी उभा राहिलो की कोण आत थांबतं आणि कोण बाहेर येतं ते दिसतं, आणि मुलंही ते बघत असतात. आम्ही दोघं नोकरी करतो म्हणून मुलीला क्लबात ठेवतो. तिची मैत्रीण फाटकातून मागे वळून बघते, ते मला बघवत नाही. म्हणून मी ताईंच्या बाजूचा.

निवृत्त मुख्याध्यापक, बीडकडचे

शाळा सुटल्यावरचा तास म्हणजे कुणाचा तास, हे आधी ठरवा. आमच्याकडे दिवाळीच्या आसपास आई-बाप ऊसतोडीला जातात. जी मुलं आजीपाशी राहतात त्यांची पाचनंतरची वेळ शेरडं, पाणी आणि धाकट्या भावंडाची. मुलींची तर नक्कीच. तुम्ही तो तास फुकट ठेवा, त्यात मेजवानी ठेवा, तरी त्या येणार नाहीत. अंधार पडायच्या आत त्यांना वस्तीवर पोचायचं असतं.

मी शेवटची सहा वर्षं सगळं शनिवारी आणलं होतं. सकाळची शाळा, दप्तर घरी. आता तर त्याला सरकारी आधार आहे, मार्च 2024 मध्ये पहिली ते आठवीसाठी 'आनंददायी शनिवार' निघाला. गावातली माणसं बोलवायचो. एका आजींनी गोधडीचा टाका शिकवला, तेव्हा वर्गात कधी तोंड न उघडणारा मुलगा सर्वात सरळ टाका घालून उठला. त्या दिवसानंतर तो प्रश्नांना उत्तरं द्यायला लागला. मी काही केलं नव्हतं, त्याला फक्त एकदा पहिला येऊ दिलं होतं.

पाचवीतल्या मुलाचा बाप

मुख्याध्यापक साहेब, तुमचं पटलं. शनिवार सगळ्यांचा असेल तर मी स्वतः येतो, टेम्पो घेऊन येतो. खांब, चुना, काय लागेल ते आणतो.

पण क्लासचं माझं मत कायम आहे. शनिवारी गोधडी शिकून मुलगा इंग्रजी शाळेतल्या पोराच्या बरोबरीला येईल असं मला वाटत नाही. रोबोट म्हणजे काय, हे त्यानं हातात घेऊन बघावं, एवढीच माझी इच्छा आहे. मी टेम्पो चालवतो, त्यानं ते यंत्र कसं चालतं ते समजून घ्यावं. ही इच्छा चुकीची आहे, असं कुणी मला सांगू नये.

शाळा समितीतली आई

दादा, तुमची इच्छा अजिबात चुकीची नाही. तुमच्या मुलाच्या हातात रोबोट यावा आणि त्याच वेळी वीटभट्टीवरच्या मुलीच्याही हातात यावा, एवढंच मला हवंय.

गुरुवारच्या बैठकीत मी हे मांडणार आहे. शाळेच्या खोलीत पैशाचा क्लास नको. शनिवार पूर्ण दप्तरमुक्त आणि त्या दिवशी मोजमाप, फोटो, माहिती भरणं काही नाही. क्लासवाल्यांना विचारायचं की वर्षातून चार शनिवार सगळ्या मुलांसमोर यंत्रं मांडाल का. भिंती नाही रंगवल्या तरी चालेल. खेळाचं कपाट उघडायचं. आणि नवोदयच्या ताई, तुमचं मी विसरले नाही. आकृत्यांचा अर्धा तास चौथी-पाचवीच्या सगळ्या मुलांना, शाळेच्या वेळेत. हुशार सहा जण निवडून नाही. कोण लागेल ते बाईंनाही आधी कुठे माहीत होतं?

एक गोष्ट मात्र सुटत नाहीये. आमच्या भजनी मंडळातले पखवाज वाजवणारे आजोबा शनिवारी यायला तयार आहेत, पण ते रोजंदारीवर जातात. त्यांची शनिवारची मजुरी बुडणार. त्यांना फुकट बोलवायला मला लाज वाटते. प्राथमिकला निदेशकच नाही, तर मानधन दाखवायचं खर्चाच्या कोणत्या शीर्षाखाली? गुरुजी, तुमच्याकडे कुणी हे केलंय का? ग्रामपंचायतीच्या निधीतून करता येत असेल तर ठराव कसा लिहायचा ते सांगा. गुरुवारच्या आत हवंय.

वर्गावरचा गुरुजी

आमच्याकडे अजून झालेलं नाही. उद्या ग्रामसेवकांना भेटून विचारतो. ठरावाचा मसुदा मी लिहितो, तुम्ही फक्त आजोबांना सांगून ठेवा की पखवाजाच्या पुडीवरची काळी शाई नीट करून घ्या, पोरं हात लावल्याशिवाय राहणार नाहीत.