शब्दचर्चा : ‘कात्समा’चा प्रयोग कोणता?

मूळ प्रश्न
कॉकेशस पर्वतातील भाषांवरचा एक लेख मी मराठीत आणत आहे. जॉर्जियनमध्ये ‘माणूस पत्र लिहितो’ हे ‘कात्सी त्सेरिल्स त्सेर्स’ असे होते. पण साधा भूतकाळ आला की कर्त्याला ‘मा’ लागतो आणि कर्माचे रूपही बदलते : ‘कात्समा त्सेरिली दात्सेरा’, म्हणजे ‘माणसाने पत्र लिहिले’. आपला ‘ने’ही असाच भूतकाळात येतो, म्हणून या अर्गेटिव्ह, म्हणजे सकर्मक क्रियेच्या कर्त्याला वेगळी विभक्ती लावणाऱ्या, रचनेसाठी मी निःशंकपणे ‘कर्मणी प्रयोग’ असे लिहिले. हस्तलिखित वाचणाऱ्या स्नेह्यांनी त्यावर लाल रेघ ओढली, कारण त्यांना ‘माणसाकडून पत्र लिहिले गेले’ असा अर्थ लागला. मग कोणता शब्द वापरावा?

प्रतिसाद
रेघ योग्य आहे, कारण मात्र वेगळे आहे. ‘कडून… गेले’ हा नवीन कर्मणी झाला. ‘माणसाने पत्र लिहिले’ हाही कर्मणीच आहे. खरी अडचण अशी की कर्मणीत क्रियापद कर्मामागून जाते : पत्र लिहिले, चिठ्ठी लिहिली. जॉर्जियनमध्ये लिंगच नाही आणि क्रियापद कर्त्याची साथ सोडत नाही. माणसे अनेक झाली की ‘कात्सेब्मा त्सेरिली दात्सेरेस’ असे होते, पत्र एकच असले तरी. म्हणून प्रयोगाचे नाव न देता विभक्तीचे द्यावे. जॉर्जियन व्याकरणात या विभक्तीला ‘मोत्ख्रोबिती’, म्हणजे कथनाची विभक्ती, असे म्हणतात. ‘कथनविभक्ती’ हा शब्द मला फार आवडतो.

प्रतिसाद
तो शब्द जॉर्जियनच्या सीमेबाहेर टिकणार नाही. कॉकेशसमधल्याच दागेस्तानातील अवार भाषेत ही विभक्ती सर्व काळांत येते, मग कथन कशाचे? तिथे क्रियापदही नामाच्या वर्गाप्रमाणे बदलते : ‘एमेन वाचाना’ म्हणजे वडील आले, ‘एबेल याचाना’ म्हणजे आई आली. सकर्मक वाक्यात हा बदल कर्माप्रमाणे होतो, म्हणजे अवारला आपला ‘कर्मणी’ चपखल बसतो. शिवाय तिथे कर्त्याची आणि साधनाची विभक्ती एकच आहे, जशी आपली ‘रामाने’ आणि ‘सुरीने’. सरळ ‘तृतीया’ म्हणावे. नाही तरी आपला ‘ने’ संस्कृतच्या ‘एन’वरूनच आला आहे.

प्रतिसाद
‘एन’चे खरे वारस जुन्या मराठीतील ‘रामें’ हे रूप आहे. ‘ने’ नंतरचा आहे, आणि अक्षरांची अदलाबदल करून व्युत्पत्ती सिद्ध होत नाही. ‘तू चिठ्या लिहिल्यास’ हे वाक्यही पाहावे. त्यात ‘ने’ नाही, ‘ल्या’ चिठ्यांचा आणि शेवटचा ‘स’ तुझा. आपल्या व्याकरणकारांनी याला कर्तृ-कर्म-संकर असे नाव दिले आहे. ‘तृतीया’ इथे कुठे बसवणार?

प्रतिसाद
मी सोलापूरचा. आमच्या घरी सर्रास ‘मी काम केलो’ म्हणतात. चौथीत बाईंनी वहीतला तो ‘लो’ खोडून माझ्याकडून ‘केले’ दहा वेळा लिहून घेतले होते, ते अजून आठवते. कन्नडच्या शेजारात आमचे क्रियापद कर्त्याकडे वळले आहे. जॉर्जियनच्या सख्ख्या बहिणीही अशाच वेगवेगळ्या वाटांनी गेल्या : मिंग्रेलियनमध्ये कर्त्याचा ‘क’ प्रत्यय भूतकाळी ‘माणूस आला’ यातल्या माणसालाही लागतो, तर लाझच्या बहुतेक बोलींत सकर्मक वाक्यात तो वर्तमानकाळातही येतो. मिंग्रेलियनला अशुद्ध जॉर्जियन म्हणणे जसे अन्यायाचे, तसेच आमच्या ‘केलो’ला अशुद्ध म्हणणेही.

प्रतिसाद
बोलीचा मान राखूनही प्रमाणलेखनाला एक नियम हवाच. बाईंनी त्यांचे काम केले.

प्रतिसाद
मग तो नियम ‘मी धडा शिकलो’ आणि ‘मी नाव विसरलो’ यांना का लागू होत नाही? ही तर प्रमाण मराठीच आहे, कर्मही समोर आहे, तरी क्रियापद कर्त्याचेच ऐकते. ‘मी चहा प्यालो’ आणि ‘मी चहा प्यायला’ ही दोन्ही रूपे तर एकाच घरात ऐकू येतात.

मूळ प्रश्नकर्ता
लेखात तूर्त ‘अर्गेटिव्ह विभक्ती’ असेच ठेवले आहे. सोलापूरच्या मित्रांना एक विचारायचे आहे : आपल्याकडे ‘तू चिठ्या लिहिल्यास’ असे म्हणतात, की तिथेही क्रियापद केवळ ‘तू’कडेच वळते?