वाजायच्या आधीच इंजिनचं बेअरिंग बदललंय का कोणी? जुनी डिझेल फोर बाय फोरवाले, अनुभव लिहा

घाटवेडा (पर्थ):
काल गॅरेज आवरताना आगपेटीत ठेवलेले बेअरिंगचे दोन शेल (अर्धगोल पातळ पट्ट्या) सापडले आणि बाबांची जीप आठवली. १९९७ चा मे, रत्नागिरीहून कोल्हापूरला मावशीच्या लग्नाला निघालेलो, आंबा घाट चढताना टक टक सुरू झालं. बाबा म्हणाले टॅपेट असतील, वर पोचू दे. वर पोचलोच नाही, कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर. आई आणि ताई एसटीने पुढे, आम्ही दोघं रात्रभर घाटात. ती जीप परत उभी राहिली नाही.
आता माझ्याकडे १९९३ ची लँड क्रूझर ८० आहे, १एचडी-टी इंजिन, ४.२ लिटर टर्बो. ही घेतली की इथे जो भेटेल तो पहिलं हेच सांगतो, बिग एंड, म्हणजे कनेक्टिंग रॉड क्रँकशाफ्टला जोडतो तिथलं बेअरिंग, बदलून टाक. २ लाख ४० हजार किमी झालेले, आवाज अजिबात नाही, ऑइल प्रेशर ठीक. तरी दोन रविवार घालवून खालून ऑइलचं चेंबर उतरवलं, इंजिन काढावं लागत नाही. सहापैकी दोन रॉडच्या वरच्या शेलवर राखाडी थर जाऊन तांबं दिसत होतं!! क्रँक गुळगुळीत होता म्हणून स्टँडर्ड मापाचे शेलच बसले, प्लास्टिगेजने (दाबून गॅप मोजायची मऊ दोरी) गॅप बघितला, रॉडचे बोल्ट नवे टाकले. बाबांना व्हिडिओ कॉलवर शेल दाखवला, बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले तेव्हा मी थांबायला हवं होतं रे.

पाणंद:
वरचाच शेल आधी जातो कारण डिझेलचा दणका पिस्टनवरून रॉडमधून थेट त्याच्यावर येतो. मेन बेअरिंगचं (क्रँक ज्यात फिरतो ते) उलटं, तिथे खालचा झिजतो. म्हणून रॉडचा एक कॅप (खालचा अर्धा भाग) उघडून खालचा शेल चांगला दिसला की बंद करू नका, वरचा सरकवून बाहेर काढून बघा.

मिरजकरीण:
बाबांचं वाक्य वाचून गलबललं. लग्न मिळालं का पण तुम्हाला?

घाटवेडा:
आईला मिळालं. आम्ही पोचलो तेव्हा मांडव सोडत होते.

रेतीतला मी (मस्कत):
माझ्या गाडीचं ऑइल प्रेशर हळूहळू उतरत होतं, मी गेजलाच दोष देत बसलो. खरं कारण वेगळंच, इंजेक्टर गळत होता, डिझेल ऑइलमध्ये उतरत होतं. डिपस्टिकवर लेव्हल कमी व्हायच्या ऐवजी वाढायला लागली आणि वासही डिझेलचा यायला लागला की गाडी तिथेच उभी करा. पातळ ऑइलचा थर टिकत नाही, शेल आणि क्रँक एकमेकांना घासतात. मला क्रँक ग्राइंड करून अंडरसाइज (बारीक झालेल्या क्रँकसाठीचे जाड) शेल टाकावे लागले, खर्च आठवला तरी पोटात गोळा येतो

सौ. जीपवाली:
आमच्या ह्यांची महिंद्रा एमएम५४० जीप आहे, मी चालवते जास्त. कुकर लावलाय, नंतर लिहिते सविस्तर

पाणंद:
आणि चढाला वरच्या गिअरमध्ये रेटू नका हो. आरपीएम कमी आणि लोड पूर्ण, तेव्हाच शेलवर सगळ्यात जास्त ताण येतो. गिअर पाडा.

बावीस_चा_पाना:
आवाज आलाच असेल तर जुन्या मेकॅनिकल पंपवाल्या इंजिनात एकेका नोझलच्या पाइपचं नट सैल करून बघतात, ज्या सिलिंडरला डिझेल बंद झाल्यावर ठोका कमी होतो तो रॉड. डोळे सांभाळा, हात जवळ नेऊ नका, डिझेल जोरात उडतं. आणि कॅप खोलताना खुणा करा. एका गॅरेजात माझ्या दोन कॅपची अदलाबदल झाली, इंजिन हाताने फिरेना. ज्या रॉडचा कॅप त्याच रॉडला, त्याच बाजूने. बदललेल्या कॅपने होल गोल राहत नाही.

मिरजकरीण:
बाप रे. मग सुरू नाही ना केलंत तसंच?

बावीस_चा_पाना:
नाही, हाताने फिरवून बघायची सवय कामी आली. स्टार्टर मारला असता तर क्रँक गेला असता.

सौ. जीपवाली:
आले. आमच्या जीपला ऑइल बाथ एअर फिल्टर (हवेतली धूळ ऑइलमध्ये धरणारा) आहे, त्यातलं ऑइल वर्षभर कोणी बघितलंच नव्हतं, तळाशी चिखल! धूळ इंजिनात, तिथून ऑइलमध्ये, शेलवर रेघाच रेघा. आता दर अमावस्येला मीच उघडते, तारीख लक्षात राहते म्हणून. घाटवेडा, जुना ऑइल फिल्टर कापून बघितलात का? चकाकणारी कुसळं दिसतात.

घाटवेडा:
बघितला, थोडी होती. आता दर ऑइल चेंजला सँपल लॅबला पाठवतो, शेलमधलं तांबं आणि शिसं ऑइलमध्ये वाढतंय का तेवढंच बघायला. बाबांनाही रिपोर्ट पाठवतो, ते वहीत आकडे उतरवून ठेवतात.

मिरजकरीण:
त्यांना नमस्कार सांगा आमचा 🙏