विंडेज ट्रे, स्क्रेपर: क्रँकवरचं तेल झटकून खरंच पॉवर मिळते का?

हेडखोल: मारुती जिप्सीचं (1298 सीसी, एमपीएफआय म्हणजे इंजेक्शनवालं) इंजिन सोलापूरला अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये उघडंच पडलंय. चेंबरमध्ये (खालच्या तेलाच्या टाकीत) विंडेज ट्रे, म्हणजे तेल आणि फिरणारा क्रँक यांच्यामधला पत्रा, आणि क्रँकला लागून त्यावरचं तेल खरवडणारी पट्टी, म्हणजे स्क्रेपर, बसवायचा विचार आहे. 6000 आरपीएमला क्रँकच्या सेकंदाला 100 फेऱ्या होतात. काउंटरवेटची (क्रँकवरच्या तोल साधणाऱ्या वजनाची) कड मध्यापासून 6 सेंमीवर धरा, म्हणजे ती ताशी 135 किमीने पळते, तेही तेलाच्या धुरळ्यातून. ते तेल ओढण्यात जाणारी ताकद चाकाला मिळाली तर वाईट काय? माझं मत, बोअर मारण्याआधी (सिलिंडर मोठा करण्याआधी) हे करावं.

सातरस्ता: अण्णा, ट्रेचे जे आकडे सगळीकडे फिरतात ते अमेरिकन व्ही-8 चे. अशी वाया जाणारी ताकद वेगाच्या जवळपास घनाने वाढते. 6000 ला 3 बीएचपी वाचली असं धरलं तरी 3000 ला त्याचा आठवा हिस्सा उरतो. सात रस्ता ते आसरा चौक तुम्ही 6000 ने जाणार आहात काय?

हेडखोल: गावात नाही ओ, ऑटोक्रॉसला (मैदानातल्या वळणावळणाच्या शर्यतीला). तिथं आरपीएमचा काटा खाली येतोच कुठं? शिवाय वळणावर तेल एका बाजूला पळालं की पिकअप (पंपाची तेल ओढणारी नळी) हवा ओढतो. ट्रे ते तेल बऱ्यापैकी खाली धरून ठेवते.

सातरस्ता: मग बेअरिंग वाचवायला बसवतोय म्हणा, मी गप्प बसतो. पॉवरच्या नावाखाली नको.

बुलेटवाला: जुन्या कास्ट आयर्न बुलेटला कंपनीकडूनच ड्राय संप होता, म्हणजे तेल क्रँकखाली साठतच नाही, वेगळ्या टाकीत जातं. तरी उडते का बघा कुठं 😄

डिपस्टिक: आधी फुकटचं करा. सर्व्हिसला "थोडं जास्त असू दे" म्हणून वरच्या खुणेपलीकडे तेल ओततात. लेव्हल क्रँकपर्यंत चढली की तेल घुसळून फेस होतो आणि पंप हवेसकट तेल ढकलतो. पॉवर जाते ती जाते, प्रेशरही पडतं. खुणेच्या आत ठेवा, पण वळणं मारायची असतील तर फार खालीही नको.

मोरपाना10: त्यापेक्षा घट्ट 20डब्ल्यू-50 तेल काढून पातळ 5डब्ल्यू-30 टाका. बेअरिंगमधला ओढा सगळ्याच आरपीएमला कमी होतो.

सातरस्ता: घासलेल्या बेअरिंगला? 42 डिग्रीच्या मे महिन्यात, फुल थ्रॉटलवर? गरम झाल्यावर प्रेशर किती राहतं ते गेज लावून बघा, मग बोला.

मोरपाना10: डब्ल्यूच्या नंतरचा आकडा (गरम तेलाचा घट्टपणा) 100 डिग्रीलाच मोजतात, मे असो की डिसेंबर. क्लिअरन्स बरोबर असेल तर सोलापूरचं ऊन आड येत नाही.

डिपस्टिक: हेडखोल, स्क्रेपरची फट मिलिमीटर-दीड मिलिमीटर ठेवतात. रॉडचे बोल्ट काउंटरवेटच्या बाहेरून फिरत असतील तर आधी तेच घासतील. स्क्रेपरच्या कडेला मऊ क्ले चिकटवून क्रँक हाताने फिरवा, घासतं तिथं दबेल. वेल्डिंगचा एक दाणा जरी चेंबरमध्ये सुटला तर सगळी पॉवर तिथंच.

हेडखोल: ट्रे नक्की, स्क्रेपर क्ले लावून बघितल्यावर. सातरस्ता, पुण्यात डायनोवर (पॉवर मोजायच्या मशीनवर) आधी-नंतर दोन्ही ग्राफ काढतो.

सातरस्ता: काढा. दोन्ही वेळी तेल तेच आणि तेवढंच गरम पाहिजे, नाहीतर मी मानणार नाही.