सामुदायिक रेडिओवर प्रौढ साक्षरतेची मालिका: नमुना भाग कसा करावा?

पाटीपेन्सिल
नमस्कार. समाजकार्यात पदवी घेतली आहे, ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरवर ध्वनिसंपादनही शिकले आहे. तालुक्याच्या सामुदायिक रेडिओ केंद्राला साक्षरता मालिकेसाठी निर्माता हवा आहे आणि त्यांनी १५ मिनिटांचा नमुना भाग मागितला आहे. अक्षर दिसतच नसताना ते शिकवायचं कसं? आणि या कामात पगारपाण्याचं कसं असतं?

कानोसा
ताई, एक गोष्ट आधी पक्की करा. एकटा रेडिओ अक्षर शिकवत नाही. तो वेळ पाळायला लावतो, उच्चार कानावर घालतो, हुरूप देतो. पाटीवर हात धरायला ऐकणाऱ्यांच्या गटात एक साक्षर माणूस लागतोच. कोलंबियात १९४७ साली सुरू झालेल्या, गावकऱ्यांना लिहा-वाचायला शिकवणाऱ्या रेडिओ सुतातेन्सा केंद्राची घडी अशीच होती: बॅटरीचा रेडिओ, वाचनपुस्तिका, फळा आणि गावातलाच एक मदतनीस. म्हणून तुमच्या भागात दोन श्रोते धरा, शिकणारी बाई आणि तिच्याजवळ बसलेली मदतनीस. दोघींशी वेगवेगळं बोला.

१५ मिनिटांत नवी अक्षरं दोनच. आधी तीन मिनिटं मागची उजळणी, मग रोजच्या व्यवहारातला एखादा प्रसंग (रेशनची पावती, एसटीची पाटी), त्यातून एक शब्द आणि शब्दातून अक्षर. ‘क कमळाचा’ मोठ्या माणसाला नको. ‘नळ’, ‘दर’, ‘मका’ घ्या. ‘पान क्रमांक १२ उघडा’ असं कधीच म्हणू नका, तो आकडाच तर त्यांना अजून वाचता येत नाही. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात एक चित्र छापून घ्या आणि ‘विळ्याचं पान काढा’ म्हणा. डावं-उजवं सांगताना गोंधळ होतो, तिथे ‘जेवायच्या हाताकडे’ म्हटलं की लगेच कळतं.

लिहायला किती वेळ द्यायचा, हे ठरवायला तो शब्द स्वतः डाव्या हाताने तीनदा लिहून बघा. जितका वेळ लागेल तितका विराम. नवे निर्माते इथे हमखास घाई करतात. स्टुडिओत १० सेकंदांची शांतता फार मोठी वाटते, पण पाटीवर तेवढ्यात शिरोरेघही ओढून होत नाही.

फेडर
त्या विरामाबद्दल तांत्रिक बाजू. विराम पूर्ण मुका ठेवू नका. प्रक्षेपणाच्या साखळीत आवाजाची पातळी आपोआप सांभाळणारं यंत्र असेल, तर शांतता आली की ते पातळी वर ढकलतं आणि पंख्याची घरघर मोठ्याने ऐकू येते. ऐकणाऱ्याला वाटतं केंद्र गेलं, तो बटण फिरवतो. खाली मंद तानपुरा ठेवा आणि विराम संपायच्या पाच सेकंद आधी टाळ वाजवा.

ध्वनिमुद्रणाला माइक तोंडापासून वीतभर अंतरावर आणि जरा तिरका, म्हणजे ‘फ’ आणि ‘भ’ फुटत नाहीत. पंखा, फ्रिज बंद. भिंतीवर गोधड्या टांगल्या तरी घुमणं बरंच कमी होतं.

सामुदायिक केंद्राच्या प्रक्षेपणाची ताकद साधारण १०० वॉटपर्यंतच असते, ते डोंगराआड पोचत नाही. मोबाइलवर एफएम लावायचं तर बहुतेक फोनना हेडफोनची तार जोडावी लागते, तीच अँटेना. नव्या कितीतरी फोनमध्ये तर एफएम नसतंच. त्यामुळे प्रत्येक भाग मदतनिसाला व्हॉट्सअॅपवर किंवा मेमरी कार्डावर द्यायची सोय नमुन्यासोबतच लिहून द्या.

शिरोरेघ
मराठीचे खास अडथळे आधीच ओळखून ठेवा. छोट्या स्पीकरवर ब-भ, द-ध, स-श सारखेच ऐकू येतात. या जोड्या एका धड्यात आणू नका. ‘ज’ला दोन उच्चार आहेत, ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा. आधी एकच शिकवा. कुणी ‘पानी’ म्हणालं तर बोलणं सुधारू नका, फक्त लिहिताना ‘णी’ येतो एवढं सांगा. बोलीवरून टोकलेलं माणूस दुसऱ्या दिवशी येत नाही.

सगळ्यात जास्त चुका आकड्यांत. आपण ‘सत्तावीस’ म्हणताना सात आधी बोलतो आणि लिहिताना दोन आधी लिहितो. नुसतं ऐकून लिहिणारा ७२ लिहितो. ‘एकोणतीस’ला तर ३१ सुद्धा येतो. म्हणून प्रत्येक आकडा दोनदा सांगा: ‘सत्तावीस, वीस आणि सात.’ दहा-दहाच्या नोटा मोजायला लावल्या की दशक पटकन कळतं.

पाटीपेन्सिल
नोटांचं फारच उपयोगी. केंद्र सरकारच्या उल्लास या प्रौढ साक्षरता योजनेतून मानधन मिळतं का?

कानोसा
नाही. उल्लासमध्ये (२०२२ ते २०२७) शिकवणारे स्वयंसेवकच असतात. तिची चाचणी मात्र लक्षात घेऊन मालिका आखा: १५० गुण, वाचन, लेखन आणि संख्याज्ञानाला प्रत्येकी ५०. पगार येतो तो केंद्र चालवणाऱ्या संस्थेकडून, बहुधा एखाद्या प्रकल्पाच्या निधीतून. मुलाखतीत स्पष्ट विचारा: करार किती महिन्यांचा, निधी कधी संपतो, गावोगाव फिरायचा खर्च कोणाचा. संकोच करू नका. मालिका अर्ध्यात बंद पडली तर मात्रांपर्यंत आलेला गट तिथेच अडकतो.

नमुना पाठवण्याआधी तो एखाद्या गटात वाजवा आणि तुम्ही रेडिओकडे नाही, पाट्यांकडे बघत बसा. ज्या ठिकाणी तिघी-चौघींची पेन्सिल थांबली, तिथली मिनिटं टिपा आणि तेवढंच पुन्हा मुद्रित करा. सोबत त्या पाट्यांचे फोटोही जोडा.