आप्पांवर लिहायचं आहे, त्यांच्या मिलिटरीतली माहिती कुठून मिळेल?

खानापूरची लेक

नमस्कार. आमचे आप्पा गेल्या पावसाळ्यात गेले. वर्षश्राद्धाला चार पानांची पुस्तिका छापायचं आम्ही भावंडांनी ठरवलंय आणि लिहायचं काम माझ्याकडं आलंय. आप्पा मराठा लाइट इन्फंट्रीत होते, पहिल्या बटालियनमध्ये, म्हणजे जंगी पलटणीत. हवालदार म्हणून रिटायर झाले. १९७१ ला बांगलादेशात होते, पण कितीही विचारलं तरी "जमालपूरला थंडी लई होती" याच्या पुढं कधी गेले नाहीत.

घरातले आप्पा मात्र मला पाठ आहेत. सुट्टी मिळायची ती उन्हाळ्यात. परत जायच्या आधी कौलं परतून, लाकडं फोडून पडवीत रचून ठेवायचे, पावसात आईला कुणाच्या दारात जायला लागू नये म्हणून. आईला वाचता येत नव्हतं. आधी शाळेचे गुरुजी पत्र वाचून दाखवायचे, अक्का शिकल्यावर इनलँड तिच्या नावानं यायला लागलं. मागं पत्ता ५६ एपीओ, म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस. आत म्हशीचं रेडकू कसं आहे, माळाच्या तुकड्यात नाचणा टाकला काय, धाकटीचा कान फुटलाय तर तेल घालू नका, दवाखान्यात न्या. ती धाकटी मी. खाली प्रत्येक पोराला नाव घेऊन एक ओळ. अक्काचं वाचून झालं की आई पत्र मागून घ्यायची आणि स्वतः घडी घालून ठेवायची.

पुढं ते बेळगावात एका बँकेत सिक्युरिटीला होते. आईला अर्धांग झालं त्याच महिन्यात नोकरी सोडली. तिची वेणी तेच घालायचे, रोज सकाळी, खोबरेल लावून, मधोमध भांग पाडून. सुनांनी "आम्ही घालतो" म्हटलं तरी फणी कुणाच्या हातात दिली नाही.

भाऊ म्हणतो, पुस्तिकेत लढाई आणि मेडल पुढं पाहिजेत. मला वेणी पण पाहिजे. तरी लढाईचं पान कोरं सोडायला मन होत नाही. ट्रंकेत डिस्चार्ज बुक आहे आणि मेडल आहेत, एका चांदणीवर "पूर्वी स्टार" लिहिलंय. यातून काय कळेल? कुणाला विचारू?

निवृत्त सुभेदार, चंदगड

ताई, आप्पांना माझा सलाम. मी त्याच रेजिमेंटचा, पण भरती झालो १९७१ नंतर. पूर्वी स्टार पूर्वेच्या आघाडीवर हजर असलेल्यांचा. बरोबर संग्राम मेडल पण असेल. मागं नाहीतर कडेला नंबर आणि नाव असतं, भिंग घेऊन बघा.

जमालपूरचं सांगतो, आम्हाला पलटणीत हे शिकवलंय. सीओ, म्हणजे पलटणीचे प्रमुख, होते लेफ्टनंट कर्नल कुलदीपसिंग ब्रार. जंगी पलटण ब्रह्मपुत्रा ओलांडून शहराच्या पाठीमागं गेली आणि ढाक्याकडची वाट अडवून बसली. आत पाकिस्तानची ३१ बलुच पलटण होती. शरण या म्हणून आपल्या ब्रिगेडचे ब्रिगेडियर क्लेर यांनी चिठ्ठी धाडली, तर उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून आली. १० डिसेंबरच्या रात्री बलुचवाले वेढा फोडायला निघाले ते सरळ आपल्या मोर्चांवर आले. ११ ला जमालपूर पडलं, १६ ला ढाक्यात शरणागती. वाटेत टांगाईलला पॅराशूटनं उतरलेली २ पॅरा पलटण, ती सुद्धा मूळची आपली ३ मराठा.

नदीकाठच्या मोर्चात ती रात्र काढलेला माणूस "थंडी लई होती" म्हणतो, तेवढं वाक्य पुस्तिकेत जसंच्या तसं घाला.

डिस्चार्ज बुकातला आर्मी नंबर लिहून बेळगावच्या मराठा सेंटरच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करा. मृत्यूचा दाखला आणि नात्याचा कागद जोडा. कंपनी कुठली ते मुद्दाम विचारा. कंपनी कळली की बरोबरची म्हातारी माणसं सापडतात.

बेळगुंदीचा मास्तर

पत्रं आधी मोबाईलवर फोटो काढून ठेवा, इनलँड घडीवर फाटतं. शिक्क्यात तारीख आणि एफपीओचा (फील्ड पोस्ट ऑफिसचा) नंबर लागला तर सुभेदारसाहेबांना दाखवा, पलटण कधी कुठं होती ते जुळवता येईल. छापताना आप्पांचं शुद्धलेखन सुधारू नका, ही हात जोडून विनंती. एक अख्खं पत्र छापा. भावाला म्हणावं, लढाईवर पुष्कळांनी लिहिलंय, पलटणीतून रेडकाची चौकशी करणारे आप्पा फक्त तुमच्याकडंच आहेत.

नंदगडकर

ताई, बँकेच्या दारातले हवालदारमामा तेच काय ओ? खाकी स्वेटर, खिशात कायम स्टॅम्पपॅड?

माझ्या आज्जीला मिलिटरीची फॅमिली पेन्शन होती. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला जायची. फॉर्म इंग्रजी नाहीतर कन्नड, आज्जीला दोन्ही येत नव्हतं. मामा बाकावर बसवून भरून द्यायचे, अंगठा घेऊन झाला की स्वतःच्या रुमालानं तिचं बोट पुसायचे. आमच्या बाजूच्या कितीतरी बायका त्यांच्या भरवशावर एकट्या बेळगावला जायच्या. एका वर्षी आज्जी तापानं पडली, तर सुट्टीच्या दिवशी बँकेतल्या साहेबांना घेऊन घरी आले. चहासुद्धा उभ्यानंच प्याले, "घरी वाट बघत्यात" म्हणून. हे लिहाच.

खानापूरची लेक

होय दादा, तेच आमचे आप्पा. स्टॅम्पपॅड अजून ट्रंकेत आहे, आम्हाला वाटलं बँकेतलं राहिलं असेल. या बायकांचं त्यांनी घरी कधी सांगितलंच नाही. भावाला वाचून दाखवलं, तो म्हणाला पानं वाढव.

सुभेदारसाहेब, भिंगानं नंबर लागला, डिस्चार्ज बुकाशी जुळतोय. अर्ज या आठवड्यात देते. मास्तर, पत्र निवडलंय, कानाचं. नंदगडकर दादा, तुमच्या आज्जींचं नाव घातलं तर चालेल का, घरात विचारून सांगा. छपाईला द्यायच्या आधी तुमचा मजकूर तुम्हाला दाखवीन.